देर्नाचा पोळपाट

गिटार कोकलली की देर्ना आधी बापाच्या नावानं बोटं मोडायची, मग कारखान्याच्या मालकांच्या, आणि शेवटी स्वतःच्या. कारण गळ्यात ती अवदसा अडकवून चारचौघांत उभी तीच असायची.

शनिवारी समुद्रकाठच्या नाचघरात गर्दी झाली की आवाज वाढवावाच लागे. फरशीवर पाय घासत असत, पोरं ओरडत असत, मागे ढोलवाला बडवत असे. अँप्लिफायरचं बटण अर्ध्याच्या पुढे गेलं रे गेलं की गिटारीच्या पोटात काहीतरी घुमायला लागे आणि बघता बघता त्याची किंकाळी होई. तारांना बोटसुद्धा लागलेलं नसे. नाचणारी जोडपी कानांवर हात ठेवत. देर्ना झटकन स्पीकरकडे पाठ फिरवी, तळव्यानं तारा दाबून धरी, आवाज कमी करी; मग तिचं वाजवणं पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नसे. बँडचा म्होरक्या लाम्बेर्तो गाता गाता तिच्याकडे असा बघे, की तिनं मुद्दाम मांजराच्या शेपटीवर पाय दिलाय.

"तुझ्या बापाला सांग, हिला एखादं चूर्ण दे," तो म्हणायचा. "पोटात वात धरलाय हिच्या."

लाम्बेर्तो बोलायचा ते चेष्टेनं, पण रोग त्यानं बरोबर ओळखला होता.

देर्नाचा बाप सेत्तिमिओ म्हणजे आमच्या कास्तेलफिदार्दो गावातला पेट्यांचा उस्ताद. अकॉर्डियनचं बाहेरचं लाकडी घर, ज्याला आमच्याकडे नुसतं पेटी म्हणतात, ते त्याच्यासारखं कुणी बांधत नसे. अकॉर्डियन हवेवर चालतं. भाता ताणला, दाबला, की हवा आतल्या पट्ट्यांतून जाते आणि वाद्य बोलतं. सांध्यातून सुईच्या टोकाएवढी हवा निसटली तरी आमच्या गावात त्याला पाप मानतात, आणि सेत्तिमिओनं उभ्या जन्मात ते पाप केलं नव्हतं.

मग दिवस पालटले. साठ साल उलटलं आणि पोरांना अकॉर्डियन नकोसं झालं. ज्याला त्याला गिटार हवी, तीही विजेवरची. कारखान्याचे मालक ग्वाल्तिएरो धंद्यात मुरलेले. त्यांनी अर्धा कारखाना गिटारींना दिला आणि सेत्तिमिओला म्हणाले, "पेटी ती पेटी. तू बांध." त्यानं बांधली. पॉपलरची चौकट, दोन्ही अंगांना पातळ प्लायवूड, आत पोकळ. वर मोत्यासारखं चमकणारं लालभडक सेल्युलॉइड, अकॉर्डियनवर चढतं तेच. छातीवर चार दाबबटणं, तीही अकॉर्डियनचीच. आणि आतून, कुणी सांगितलेलं नसताना, प्रत्येक सांध्यावर मेण आणि कोकराचं कातडं. का, तर हवा निसटू नये! गिटारीला हवा घेऊन काय करायचंय, हा प्रश्न गावात एकाच्याही डोक्यात आला नाही. असली चूक फक्त आम्हालाच सुचावी, आणि तीही इतक्या सफाईनं.

गिटारीचं नाव ठेवलं स्तेल्ला. तयार झालेली प्रत्येक स्तेल्ला सूर लावायच्या खोलीत जाई. तिथे दारं-खिडक्या बंद, सगळं चिडीचूप. म्हातारा सूर लावणारा पेटीला कान लावून हळूच तार छेडी आणि मान डोलवी. अकॉर्डियन असंच तपासतात, म्हणून गिटारही तशीच. आणि खोटं कशाला बोला, त्या खोलीत स्तेल्ला गोड बोलायची. गोल, मऊ, चार माणसांच्या बैठकीत ऐकावा असा स्वर. पण तो उमटला की विरलाच, त्याला आस म्हणून नव्हती. आणि भरल्या नाचघरात स्पीकरचा आवाज समोरून आदळला की ते पातळ प्लायवूड ढोलाच्या कातड्यासारखं थरथरायचं. ती थरथर तारांखालच्या चुंबकात शिरे, तिथून स्पीकरमध्ये, स्पीकरमधून परत प्लायवूडवर, आणि मग ते थांबायचं नावच घेत नसे.

देर्ना त्याच कारखान्यात सेल्युलॉइड चिकटवायच्या टेबलावर कामाला होती. आठवडाभर ज्या लाल कातडीला ती गुळगुळीत करी, तिचीच धार शनिवारी तिच्या उजव्या हाताला कापी. स्तेल्लाची कड चौकोनी होती. कोपरापाशी लाल वळ उठत. पेटी रुंद, त्यामुळे दांडीवरच्या शेवटच्या पडद्यांपर्यंत बोटं पोचायची म्हणजे अर्धं अंग वाकवावं लागे.

"बाबा, एकदा नाचघरात येऊन ऐका ना," ती जेवताना म्हणाली.

"त्या गोंधळात? मी?" सेत्तिमिओनं पाव मोडला. नाचघरांनी अकॉर्डियनवाल्यांना घरी बसवलं, त्या दिवसापासून त्यानं तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

"तुमची पेटी कोकलते."

"माझी पेटी कोकलत नाही. खोलीत तपासलेली आहे. वाजवणारीचा हात कोकलत असेल."

"अहो, तारेला हातच नसतो तेव्हा!"

"मग वीज कोकलते. विजेला नावं ठेव, लाकडाला नको."

"पोटच नसेल तर दुखणार काय? भरीव करा ना एक. आख्खं लाकूड, आत काही पोकळ नाही."

सेत्तिमिओनं हातातला पाव खाली ठेवला. "हे बघ पोरी, ज्याच्यात वारा नाही ते वाद्य नव्हे. ती फळी."

"असू दे फळी," देर्ना म्हणाली. "मी करते."

"कर की," सेत्तिमिओ हसला. "जमलं तर मी माझी टोपी उकडून खाईन."

त्या हिवाळ्यात तिनं परसातल्या पडवीत अक्रोडाचा एक दळदार तुकडा आणून टाकला. दिसायला देखणा, पण उचलला की कळे. कारखान्यातून बाद झालेली एक दांडी आणि मोडक्या स्तेल्लातलं चुंबक तिनं त्याच्यावर बसवलं. वजन कमी व्हावं म्हणून धड एवढंसं ठेवलं. झालं भलतंच. पट्टा गळ्यात घातला की दांडी गपकन जमिनीकडे जाई, आणि डाव्या हाताचं अर्धं बळ तिला वर धरण्यातच संपे. खांदा तर असा दुखायचा की घरात वासरू पाळलंय आणि तेच खांद्यावर घेऊन फिरतेय. शिवाय दांडी आणि धड यांच्यामध्ये नखभर फट राहिली होती. स्वर तिथपर्यंत येई आणि मरे. सेत्तिमिओ रोज सकाळी कामाला निघताना पडवीत डोकावून विचारी, "काय म्हणतंय वासरू? दूध देतं का?"

देर्ना चिडायची, पण अक्कल गहाण ठेवून नाही. दोन गोष्टी तिला उमगल्या होत्या. कोकलणं गेलं होतं, एवढं खरं. आणि वाद्याचा तोल पट्टा कुठे अडकवलाय त्यावर असतो, एवढंही खरं. धडाला डाव्या अंगानं एक लांब शिंग काढायचं, पट्टा त्याच्या टोकाला अडकवायचा, म्हणजे दांडी जागेवर राहील. लाकूड मात्र हलकं हवं, आणि हाडासारखं कोरडं. ओलं लाकूड स्वर पिऊन टाकतं.

हलकं म्हणजे लिंडन. तिनं सुतारांकडे विचारलं. सगळ्यांकडे होतं, सगळ्यांचं ओलं. गावातलं सगळ्यात कोरडं लिंडन कुठे आहे, हे तिला रविवारी सकाळी दिसलं. तिची आई पाल्मीरा त्याच्यावर पीठ भुरभुरवत होती.

"आई, तुझा पोळपाट दे मला."

आमच्याकडचा पोळपाट म्हणजे आख्खं टेबल व्यापणारा चौकोनी पाट. रविवारची पास्त्याची पोळी त्याच्यावर लाटायची, चादरीएवढी.

"कशाला?"

"गिटार करायचीय."

पाल्मीरानं तिच्याकडे बघितलं, मग हातातल्या लाटण्याकडे. "आणि पोळी कुठे लाटू मी? तुझ्या बापाच्या टकलावर?"

"इतकं कोरडं लिंडन गावात दुसरं नाही गं. तुझ्या लग्नापासून वाळतंय ते."

"लग्नापासून वाळत मीही आहे. माझी एखादी सारंगी होते का बघ."

देर्ना हसली नाही. पाल्मीरानं लाटणं बाजूला ठेवलं. मग तिनं विचारलं, "ती बया कोकलते तेव्हा लोक हसतात तुला?"

"हसतात."

पाल्मीरानं हातानं पीठ झटकलं. "ने."

त्या दुपारी सेत्तिमिओ गिरजाघरातून परतला, गळ्याला रुमाल लावून बसला, आणि समोर आलं पाकिटातलं स्पॅगेटी. रविवार होता. कलेजीच्या रश्शातल्या पोळ्यांचे थर यायला हवे होते. त्यानं काट्यानं एक दोरी उचलली, उजेडात धरली, परत ठेवली.

"कोण मेलं?" त्यानं विचारलं.

"पोळपाट," पाल्मीरा म्हणाली. "तुझ्या लेकीनं कापला. आणि मी दिला. आता ओरडायचं असेल तर दोघींवर ओरड, म्हणजे एकदाच होईल."

तो ओरडला नाही. त्यानं ते स्पॅगेटी एक शब्द न बोलता खाल्लं, आणि आमच्याकडे नवऱ्यानं असं खाल्लेलं कुठल्याही ओरडण्याहून वाईट समजतात.

देर्नानं पोळपाट मधोमध कापून त्याचे दोन भाग एकावर एक चिकटवले, म्हणजे हवी तेवढी जाडी आली. सरस लावत होती तेव्हा सेत्तिमिओ पडवीवरून चालला होता. "गार झाला तो सरस. परत तापव," तो म्हणाला, आणि आपण रागावलेले आहोत हे आठवून तरातरा निघून गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ती दांडीचा खाचा कोरत होती. "पटाशी उलटी धर," तो म्हणाला. "सांधा असा हवा की कागद शिरला नाही पाहिजे. फळी असली म्हणून काय झालं!" देर्नानं पटाशी उलटी धरली. कागद शिरला नाही.

आकार तिनं स्वतःच्या अंगावर बेतला. बरगड्या टेकतात तिथे मागून लाकूड खोलगट काढलं. उजवा हात येतो तिथली कड रंध्यानं उतरती केली. खालच्या बाजूनं एवढं कापलं की बोटं शेवटच्या पडद्यापर्यंत सुखानं जावीत. रंग नाही, सेल्युलॉइड नाही, बटणं नाहीत. नुसतं तेल चोळलेलं पांढुरकं लाकूड, आणि एका बाजूला पाल्मीराच्या सुरीचे जुने चरे.

पहिल्यांदा ती गिटार नाचघरात लावली तेव्हा देर्नानं बटण अर्ध्यापर्यंत नेलं. मग त्याच्या पुढे. मग आणखी पुढे. काही नाही. तिनं एक तार छेडली. स्वर निघाला तो सरळ, कणखर, गर्दीच्या डोक्यावरून थेट शेवटच्या भिंतीपर्यंत गेला, आणि राहिला. ती वाट बघत होती आणि तो राहिलाच होता. तिला एवढा आनंद झाला की पुढचा स्वर वाजवायचा राहून गेला आणि लाम्बेर्तोनं मागून तिच्या घोट्यावर बूट मारला.

अर्थात गावानं नाव ठेवलंच. "देर्ना, आज किती पोळ्या?" "लाटणं घरी विसरलीस की काय?" कारखान्यात टेबलावरच्या बायका पीठ मळल्याची खूण करत. गावानं चिडवलं की दोनच मार्ग असतात, रडायचं नाहीतर ते नाव अंगावर घ्यायचं. देर्ना आता विचारल्यावर स्वतःच सांगायची, "पोळपाट वाजवते मी. तुमच्यात कुणाला वाजवता येतो का?"

उन्हाळा तोंडावर आला. गावच्या सणाला संध्याकाळी चौकात नाच असे, आणि त्या वर्षी समुद्रकाठच्या सगळ्यात मोठ्या नाचघराचा मालक बँड ऐकायला येणार होता. आवडला तर सबंध हंगामाचं काम. आठवडाभर आधीच मालक ग्वाल्तिएरोंनी देर्नाला कचेरीत बोलावलं. सेत्तिमिओ आधीपासून तिथे टोपी हातात घेऊन उभा होता.

"मोठे नवे अँप्लिफायर मी देतोय चौकासाठी," मालक म्हणाले. "फुकट. बाहेरगावचे व्यापारी येतायत. तुझ्या गळ्यात स्तेल्ला दिसली पाहिजे."

"मालक, चौकात एवढा आवाज लावला तर ती कोकलेल."

"तुझ्या वडिलांनी केलीय ती."

"म्हणूनच तर सांगतेय."

सेत्तिमिओनं तिच्याकडे बघितलं नाही. तो टोपीची कड चाचपत राहिला.

"हे बघ मुली," मालक अगदी मायेनं म्हणाले, "तुला आवडत नसेल तर लाम्बेर्तोचा चुलतभाऊ आहे. त्याला काही अडचण नाही. लाम्बेर्तोशी बोलणं झालंय माझं. स्तेल्ला घेऊन तू चढशील, नाहीतर तो चढेल. आणि तो एकदा चढला की हंगामभर तोच."

म्हणजे कामाचा प्रश्न नव्हता, जागेचा होता. चौकातल्या त्या चार फळ्यांच्या मंचावर उभं राहायची एवढीशी जागा. पण रेडिओला कान लावून, बोटं सोलून, लोकांचं हसणं गिळून ती देर्नानं मिळवली होती, आणि ती आता एका लाल पेटीच्या बदल्यात मागितली जात होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "बरं," ती म्हणाली. मालकांना वाटलं, पोर ऐकली.

सणाच्या संध्याकाळी चौक फुलला होता. भाजलेल्या डुकराच्या गाड्यापाशी रांग, वेर्दिक्यो वाईनच्या बाटल्या, नव्या कपड्यांतली पोरंटोरं. पुढच्या खुर्च्यांवर मालक, शेजारी नाचघरवाला, मागे व्यापारी. सेत्तिमिओ कारंज्याच्या कठड्याला टेकून उभा होता. मालकांनी यायलाच लावलं होतं, त्याच्या पेटीचा मान होता. देर्ना मंचावर चढली ती गळ्यात स्तेल्ला घालून. लाल सेल्युलॉइड दिव्यांत असं चमकलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोळपाट मागे ढोलाला टेकवलेला होता.

तिनं अँप्लिफायरचं बटण चौकाला लागेल एवढं पुढे नेलं. मग दोन्ही हात खांद्यांच्या वर उचलले, पंजे उघडे, आणि तशीच उभी राहिली.

"काय करतेयस?" लाम्बेर्तो पुटपुटला.

"काही नाही. तेच दाखवतेय."

आधी नुसती घरघर आली. मग ती वाढली, जाड झाली, चढली, आणि स्तेल्ला चौकभर किंचाळायला लागली. पोरं रडायला लागली. गाड्यावरच्या माणसाच्या हातून सुरी पडली. लोक कान झाकून ओरडत होते, "बंद कर!" आणि देर्ना हात वर करून उभी होती.

"मी वाजवत नाहीये!" ती माईकमध्ये ओरडली. "बघा हात! ही आपली आपण गातेय! पोटातला वारा गातोय!"

कुणीतरी हसलं, आणि मग हसणं वणव्यासारखं पसरलं. मालकांचा चेहरा सेल्युलॉइडहून लाल झाला. देर्नानं ठरवलं होतं की बापाकडे बघायचं नाही. तिनं बघितलं. सेत्तिमिओनं कान झाकले नव्हते. तो मान किंचित कलती करून, सांध्यातली हवा ऐकावी तसा ऐकत होता, आणि त्याचं तोंड एकदम म्हातारं दिसत होतं. भर गावात आपण बापाची अब्रू काढली, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तरीही ती खाली उतरणार नव्हती.

तिनं स्तेल्ला उतरवली, पोळपाट गळ्यात घातला, अँप्लिफायरची तार त्याला जोडली, आणि पुन्हा हात वर केले. बटण तिथेच होतं. चौकात इतकी शांतता झाली की कारंज्याचं पाणी ऐकू आलं. मग तिनं हात खाली आणले आणि वाजवलं.

नाच सुरू झाला. तो कसा झाला हे सांगायला नाचलेल्यांपैकी कुणालाही विचारा. शेवटच्या गल्लीतल्या खिडक्यांपर्यंत स्वर स्वच्छ पोचत होता, एकात एक न मिसळता. देर्नाची बोटं शेवटच्या पडद्यापर्यंत जाऊन येत होती, आणि गिटार अंगाला अशी बसली होती की तिला तिचा विसर पडला. नाचघरवाला खुर्चीतून उठला आणि पाय आपटायला लागला. तेवढ्यात गिटारीचा स्वर गेला आणि ढोलही थबकला.

मालक ग्वाल्तिएरो मंचाच्या बाजूनं येऊन उभे होते. अँप्लिफायरमधून उपटलेली, गिटारीकडे जाणारी तार त्यांच्या हातात होती.

"यंत्र माझं आहे," ते म्हणाले. श्वास लागला होता त्यांना. मग ते चौकाकडे वळले. "ऐका आता! हे बघा तुमचं भरीव वाद्य!"

देर्ना थांबली नव्हती. पण विजेवाचून पोळपाटातून जे येत होतं ते डब्यावर खडा टाकावा तसं, टिणटिण, तिसऱ्या माणसालाही ऐकू न जाणारं. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून झोंबत होतं. स्तेल्ला विजेशिवायही बोलली असती.

"सेत्तिमिओची पेटी विजेशिवायसुद्धा वाजते," मालक म्हणाले. "ही फळी आहे, फळी!" त्यांनी तार दगडी फरशीवर टाकून दिली.

लोक हसायला लागले. लोकांचं काय, ते दोन्हीकडून हसतात. लाम्बेर्तो तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "उतर गं बाई. झालं तेवढं पुरे."

"नाही उतरत."

"ऐकू येत नाहीये काही!"

"न येऊ दे. वाजवतेय मी."

आणि ती वाजवत राहिली. सगळ्या गावासमोर, मुक्या फळीवर, एक स्वर न गाळता, तेच गाणं, त्याच लयीत. तिचे कान तापले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं, पण बोटं थांबली नाहीत. हसणं हळूहळू कमी झालं. माणसं अवघडली. कुणालाच आता काय करावं ते कळेना.

गर्दी दुभागली आणि सेत्तिमिओ पुढे आला. त्यानं वाकून फरशीवरची तार उचलली, तिचं टोक बाहीला पुसलं.

"सेत्तिमिओ, पोरीला घरी घेऊन जा," मालक म्हणाले.

"मालक, कोकलली ती पेटी माझी."

"ते आपण उद्या बघू."

"आता बघू. सगळ्यांनी ऐकली. मी पहिल्यांदा ऐकली." त्याचा आवाज मोठा नव्हता, पण चौक चिडीचूप होता. "हिवाळाभर ही मला सांगतेय, बाबा, येऊन ऐका. आणि मी बंद खोलीत कान लावून बसलो होतो. तुम्हीही तिथेच बसला होतात, मालक."

"ती तार जोडलीस ना, तर उद्यापासून कामावर यायचं नाही. तूही नाही आणि तुझी लेकही नाही."

"फळी आहे हे मी तुमच्या आधी म्हटलंय," सेत्तिमिओ म्हणाला. "घरचा पोळपाट आहे तो माझ्या. त्याला नावं मी ठेवीन. दुसऱ्या कुणी ठेवायची नाहीत."

आणि त्यानं तार जोडली.

गाण्याच्या अर्ध्यातूनच स्वर चौकात फुटला. देर्ना इतकी दचकली की तिचं बोट घसरलं, आणि एवढा वेळ न चुकलेली ती नेमकी आता चुकली. सबंध कास्तेलफिदार्दोनं ऐकावा असा एक भला मोठा बेसूर.

"चुकलं!" सेत्तिमिओ खालून ओरडला. "वरचा घे, वरचा! नीट वाजव, लोक ऐकतायत!"

देर्नानं वरचा स्वर घेतला आणि धरून ठेवला. ढोलवाला मागून शिरला, लाम्बेर्तोनं आधी मालकांकडे, मग चौकाकडे बघितलं आणि गायला तोंड उघडलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.